अति-उंचीवरचा ट्रेक: आधी मुक्कामांचा तक्ता, बूट नंतर

पायरीपायरीने (धागाकर्ता)

उंचावरच्या ट्रेकची तयारी म्हटलं की गप्पा बूट, जॅकेट आणि जिमपासून सुरू होतात. या धाग्यात जरा उलटं जाऊ. पहिलं काम कागद-पेन्सिलीचं आहे. कुठल्या रात्री किती मीटरवर झोपणार, ते आकडे एकाखाली एक लिहून काढा. दिवसा कुठवर चढणार ते शेजारी लिहा. त्रास होणार की नाही याचा निम्मा-अधिक निकाल त्या कागदावरच लागतो.

कारण थोडक्यात. हवेतला ऑक्सिजन कुठेही गेलं तरी २०.९ टक्केच असतो, उतरतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला ७६० मिमी पारा, ५,५०० मीटरला त्याच्या जवळपास निम्मा. म्हणजे तिथे प्रत्येक श्वासात निम्माच ऑक्सिजन आत येतो. शरीर लगेच जोरजोरात श्वास घ्यायला लागतं, पण त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कलीकडे झुकतं आणि मेंदूतलं श्वासाचं केंद्र ब्रेक दाबतं. मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकतात, तेव्हा तो ब्रेक हळूहळू सुटतो. या कामाला दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. विरळ हवेला सरावणं म्हणतात ते हे, आणि त्याला घाई चालत नाही.

म्हणून नियम: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर ३-४ दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जादा काढायची. दिवसा ८०० मीटर चढून परत खाली झोपायला आलात तर चालतं, उलट बरंच.

आपापले तक्ते टाका, चिरफाड करू.

निवांत_भटका

घ्या, माझ्यापासून सुरुवात:

पहिली रात्र २,७००
दुसरी ३,३००
तिसरी ३,९००
चौथी ४,५००
पाचव्या दिवशी पहाटे ५,२०० ची खिंड ओलांडून ४,१०० ला मुक्काम

१० किमी ५० मिनिटांत पळतो. जमेल ना?

पायरीपायरीने

पळण्याचा आकडा बाजूला ठेवा, त्याचा इथे काडीचा उपयोग नाही. दमछाक कमी होण्यासाठी फिटनेस हवाच, पण एएमएसपासून, म्हणजे विरळ हवेने होणाऱ्या डोकेदुखी-मळमळीच्या त्रासापासून, तो वाचवत नाही. उलट धडधाकट माणूस पहिल्या दोन दिवसांत सगळ्यांच्या पुढे धावतो आणि तिसऱ्या रात्री तंबूत डोकं धरून बसतो.

आता तक्ता. दुसऱ्या रात्रीपासून चौथ्या रात्रीपर्यंत दोन उड्यांत १,२०० मीटर, मध्ये एकही जादा रात्र नाही. म्हणजे रोज ६००. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ४,५०० ला एकच रात्र अर्धवट झोपून, पहाटे २-३ ला उठून ७०० मीटरची चढाई. त्रास सहसा नव्या उंचीवर पोचल्यावर ६ ते १२ तासांत डोकं वर काढतो, म्हणजे तुमच्या बाबतीत नेमका खिंडीच्या वाटेवर, जिथून मागे फिरणंही लांब आणि पुढे जाणंही.

असं करा:

१ – २,७००
२ – ३,३००
३ – ३,३०० (दिवसा ३,७०० पर्यंत जाऊन परत)
४ – ३,९००
५ – ३,९०० (दिवसा ४,३०० पर्यंत)
६ – ४,५००
७ – ४,५०० (राखीव: हवा बिघडली किंवा कोणी ढेपाळलं तर)
८ – खिंड

३,३०० ते ३,९०० आणि ३,९०० ते ४,५०० या उड्या ६०० च्याच राहिल्या, कारण मध्ये तंबू लावायला जागा नसेल तर नाइलाज असतो. अशा वेळी सरासरी बघा: तिसऱ्या रात्रीपासून सहाव्यापर्यंत तीन रात्रींत १,२००, म्हणजे रोज ४००. बसतं.

सॅकवाली

छान उदाहरण. एव्हरेस्ट बेस कॅम्पची नेहमीची वाट बघा, तीही याच हिशेबाने बेतलेली आहे. लुक्ला २,८६० ला विमान उतरतं आणि पहिला मुक्काम त्याहून खाली, फाकडिंगला २,६१० वर. मग नामचे ३,४४०. ही उडी ८३० ची, म्हणून तिथे दोन रात्री. मग टेंगबोचे ३,८६०, डिंगबोचे ४,४१०, तिथे परत दोन. ही 'विश्रांती' कापून दिवस वाचवायचा मोह सगळ्यांनाच होतो. विश्रांती हा शब्दच गोंधळात पाडतो. त्या दिवशी लोळायचं नसतं. ३००-४०० मीटर वर जाऊन, तासभर बसून, खाली झोपायला यायचं असतं.

लेह (३,५००), ल्हासा (३,६५०) किंवा कुस्को (३,४००) अशा ठिकाणी थेट विमानाने उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस गावातच काढावेत. पहिल्या दिवशी सामान स्वतः जिन्यावरून ओढणंही टाळा.

शंकेखोर

डोकं तर उन्हानेही दुखतं, कमी पाणी प्यायल्यानेही. एएमएस आहे हे ओळखायचं कसं?

औषधी_डबा

लेक लुईस गुणतालिका वापरा. २०१८ च्या सुधारणेनंतर त्यात चारच गोष्टी आहेत: डोकेदुखी, मळमळ-उलटी किंवा अन्न नकोसं होणं, थकवा, आणि चक्कर. प्रत्येकीला ० ते ३ गुण. डोकेदुखीला किमान १ आणि एकूण ३ किंवा जास्त, तर एएमएस. ३-५ सौम्य, ६-९ मध्यम, १०-१२ तीव्र. झोप न लागणं आधी मोजायचे, आता काढून टाकलंय, कारण उंचावर झोप तशीही सगळ्यांचीच मोडते.

दोन पथ्यं. पोचल्यावर ६ तास व्हायच्या आत मोजू नका, कारण प्रवासाचा आणि चढाचा शीण त्यात मिसळतो. आणि गुण स्वतःचे स्वतः न देता सोबत्याने विचारून वहीत लिहावेत, रोज संध्याकाळी जेवणाआधी. 'काही नाही, जरासं डोकं जड आहे' हे वाक्य ऐकलं की तिथे १ नाही, २ लिहा. (हे माझं मत, तालिकेत नाही.)

मग काय करायचं? सौम्य असेल तर त्याच उंचीवर थांबा, पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन घ्या, पाणी प्या, खा. बहुतेकांना २४ ते ४८ तासांत आराम पडतो. लक्षणं असताना वर झोपायला जायचं नाही, यात तडजोड नाही. थांबूनही वाढत असेल तर खाली. ३०० ते १,००० मीटर उतरलं की बहुधा फरक दिसतो.

डोकं एकाच वेळी तंबूतल्या सगळ्यांचं दुखत असेल आणि आत स्टोव्ह पेटलेला असेल, तर उंचीला दोष द्यायच्या आधी तंबूची चेन उघडा. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधाही हुबेहूब अशीच दिसते. बंद तंबूत स्टोव्ह लावायचाच नाही.

बर्फाळ

वरच्यात भर. जीव घेणारे दोन प्रकार वेगळे आहेत, एएमएसच्या गुणांवर विसंबून ते सापडत नाहीत.

हेस, म्हणजे मेंदूला सूज. यात तोल जातो आणि वागणं बदलतं: बुटाची नाडी बांधता न येणं, उगाच चिडणं, उत्तर उशिरा देणं, झोपेतून पुरतं जागं न होणं. परीक्षा सोपी आहे. सपाट जागा बघा, काठीने ५ मीटरची सरळ रेघ ओढा. सॅक आणि काठ्या बाजूला. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत रेघेवरून जायचं, वळायचं, परत यायचं. आधी धडधाकट माणसाला चालवा, म्हणजे जमीन किंवा जड बूटच तोल घालवत नाहीत ना ते कळेल. मग रुग्णाला. पाय रेघेबाहेर पडला, हात पसरून सावरावं लागलं, की हेस समजून हालचाल सुरू करा. खाली उतरवणं, ऑक्सिजन, डेक्सामेथासोन ८ मि.ग्रॅ. एकदम आणि मग दर ६ तासांनी ४ मि.ग्रॅ. सकाळ होऊ दे म्हणू नका.

हेप, म्हणजे फुप्फुसात पाणी. नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्री जास्त. गोम अशी की डोकं दुखेलच असं नाही. कालपर्यंत बरोबरीने चालणारा आज सपाटीवरही मागे पडतो, हीच पहिली खूण. मग बसल्यावरही धाप, कोरडा खोकला, ओठ-नखं निळसर. गुलाबी फेस येईपर्यंत थांबलात तर फार उशीर. माणसाला खाली न्या, पण शक्यतो चालवू नका, उचलून किंवा घोड्या-खेचरावरून न्या, कारण श्रमाने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो. थंडीनेही वाढतो, म्हणून गुंडाळून ठेवा. ऑक्सिजन आणि उतरणं दोन्ही शक्य नसेल तर निफेडिपिन, हळूहळू विरघळणारी ३० मि.ग्रॅ., दर १२ तासांनी.

शंकेखोर

पण कोरडा खोकला तर तिकडे सगळ्यांनाच असतो.

बर्फाळ

बरोबर, थंड कोरड्या हवेने घसा सोलवटतो. फरक असा: त्या खोकल्यात माणूस दहा मिनिटं बसला की श्वास ठिकाणावर येतो. हेपमध्ये येत नाही. रात्री आडवं झोपल्यावर धाप वाढते, नाडी विश्रांतीतही वेगात राहते. घशाच्या खोकल्यासाठी तोंडावर बफ (गळ्यात घालायची कापडी पट्टी) ओढून चाला. उच्छ्वासातली ओल आणि ऊब परत आत जाते.

निवांत_भटका

तक्ता सुधारला, धन्यवाद. ऑक्सिमीटर घेतोय. कितीच्या खाली आकडा गेला की परतायचं?

सॅकवाली

८० च्या खाली.

औषधी_डबा

सॅकवाली, इथे असहमत. असा एक आकडा नाही. ३,५०० मीटरला निरोगी माणसाचा ८५ ते ९२ असू शकतो आणि ५,००० ला ७५ ते ८५. कुणी ७९ वर मजेत जेवत असतो आणि कुणी ८८ वर हेसमध्ये जातो. आकडा छान आला म्हणून लक्षणांकडे डोळेझाक करणं हा ऑक्सिमीटरचा सर्वांत मोठा तोटा.

वापरायचाच तर असा: पाच मिनिटं बसून, बोटं चोळून गरम करून, नेलपॉलिश नसलेल्या बोटावर, आकडा अर्धा मिनिट स्थिर झाल्यावर. गार बोटावर ६८ वगैरे दिसून उगाच घबराट होते. रोज त्याच वेळी मोजा आणि गटातल्या बाकीच्यांशी ताडून बघा. सगळे ८४-८८ आणि एकटा ७१, तर त्या एकट्याला रेघेवर चालवा आणि छातीला कान लावा.

सॅकवाली

मान्य. '८०' मागे घेते. गटाशी ताडून बघणं जास्त पटतं.

शंकेखोर

आणि डायमॉक्स? काही म्हणतात घ्याच, काही म्हणतात त्याने लक्षणं झाकली जातात.

औषधी_डबा

झाकली जातात ती डेक्सामेथासोनने. ते सूज दाबतं, पण शरीराला सरावायला काही मदत करत नाही, मध्येच थांबवलं तर त्रास उसळून येतो. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. ते मूत्रपिंडांना बायकार्बोनेट लवकर बाहेर टाकायला लावतं. धागाकर्त्यांनी वर ब्रेकचं सांगितलंय ना, तोच ब्रेक ही गोळी लवकर सोडते. रात्री श्वास मध्येच थांबून माणूस दचकून उठतो, तेही कमी होतं.

प्रतिबंधासाठी मोठ्यांना १२५ मि.ग्रॅ. दर १२ तासांनी, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सर्वोच्च मुक्कामी पोचल्यावर २ दिवसांनी किंवा उतरायला लागल्यावर बंद. त्रास झाल्यावर उपचार म्हणून २५० मि.ग्रॅ. दर १२ तासांनी. बोटांना, ओठांना मुंग्या येतील, लघवी वाढेल, फसफसणारी पेयं बेचव लागतील. यात घाबरण्यासारखं काही नाही. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हात लावू नका. बाकीच्यांनीही डॉक्टरांकडून लिहून घ्यावी आणि निघण्याच्या दोन आठवडे आधी घरी एक-दोन दिवस घेऊन बघावी, म्हणजे मुंग्या कशा असतात ते कळतं.

आणि निवांत_भटका, तुमच्या पहिल्या तक्त्याला ही गोळी जोडली तरी तो तक्ता वाईटच राहतो. गोळी दिवसांची जागा घेत नाही.

झोपेची गोळी आणि दारू दोन्ही बंद, निदान सरावेपर्यंत. दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो.

सॅकवाली

पाण्याबद्दल, कारण 'दिवसाला ६ लिटर प्या' असा सल्ला सर्रास फिरतो. चालण्याच्या दिवशी ३ लिटरच्या आसपास पुरतं. लघवी फिकट पिवळी असली की झालं. नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि मग डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण, म्हणजे चित्र एएमएससारखंच. एखाद्या लिटरात ओआरएस घाला.

४,५०० च्या वर सकाळी बाटली गोठलेली मिळते. रात्री बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तो बुडाशी होतो आणि झाकण मोकळं राहतं. गरम पाणी भरलेली बाटली मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घेतली तर दोन्ही कामं होतात. नळीची पिशवी असेल तर प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी मागे ढकला, नाहीतर पहिली नळीच गोठते.

पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा ओला झाल्यावर गोठला तर गेलाच. तंतू तडकतात, बाहेरून काही दिसत नाही, पाणीही येत राहतं, फक्त ते गाळलेलं नसतं. रात्री फिल्टर, फोन, बॅटऱ्या हे सगळं बॅगेत अंगाशी. ५,००० मीटरला पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू मारायला तेवढं पुरतं, पण शिजायला वेळ लागतो, म्हणून इंधन जास्त घ्या.

बर्फाळ

आणि जेवण: भूक मरते, तरी दर दीड-दोन तासांनी काहीतरी पिठूळ-गोड तोंडात टाका. उंचावर पोटात वायूही फार धरतो, कारण बाहेरचा दाब कमी. वैद्यकीय साहित्यात याला रीतसर नाव आहे. तिघे एका तंबूत असाल तर चेन थोडी उघडी ठेवायला हे दुसरं कारण.

निवांत_भटका

हसून पुरेवाट! शारीरिक तयारीचं सांगा. पळणं चालू ठेवू ना?

पायरीपायरीने

ठेवा, पण १० ते १२ आठवडे मिळत असतील तर पळण्यातला निम्मा वेळ जिन्याला द्या. आठवड्यातून तीनदा ४५-६० मिनिटं, बोलता येईल एवढ्याच वेगात. पाठीवर ४-५ किलोपासून सुरुवात, दर आठवड्याला साधारण किलोभर वाढवत ट्रेकला जेवढं उचलणार तेवढ्यापर्यंत. शनिवार-रविवारी लागोपाठ दोन दिवस ५-६ तास चाला. दुसऱ्या दिवशीचे पायच खरं काय ते सांगतात.

सगळे चढायचा सराव करतात आणि गुडघे मात्र उतरताना जातात. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि त्याची सवय वेगळी करावी लागते. फूटभर उंच पायरीवर उभे राहा, एक पाय पुढे सोडून तीन सेकंद मोजत टाच जमिनीला टेकवा, परत वर. प्रत्येक पायाला १२ वेळा, तीन फेऱ्या. जिना चढून झाल्यावर खाली यायला लिफ्ट घेऊ नका. शेवटचा आठवडा हलका ठेवा.

नव्या बुटांत निदान ५० किमी चाला. उतारावर अंगठा पुढे आपटत असेल तर बूट अर्ध्या नंबराने मोठा हवा किंवा वरची नाडी घट्ट हवी. ट्रेकला निघायच्या दोन दिवस आधी नखं कापा, आदल्या रात्री नको.

कपड्यांत सुती काहीच नको, घामाने भिजलं की वाळत नाही. स्लीपिंग बॅगवर तापमानाचे दोन आकडे असतात: 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल ते) आणि 'लिमिट' (कशीबशी रात्र निघेल ते). विकणारा लिमिट सांगतो, तुम्ही कम्फर्ट बघा. दर १,००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंश उतरतं, त्यावरून हिशेब करा. अतिनील किरण दर १,००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणून बाजूने झाकलेला गॉगल, आणि सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या खालीही.

शंकेखोर

ऑक्सिजनचा तो छोटा कॅन सोबत घ्यावा का?

बर्फाळ

गुणाकार-भागाकार करा. १० लिटरचा कॅन, मिनिटाला २ लिटर. पाच मिनिटं. त्यात बरं वाटतं, मग माणूस उतरायचं लांबवतो. त्यापेक्षा ट्रेक नेणाऱ्यांना हे विचारा: खरा सिलिंडर किती लिटरचा, रेग्युलेटर आणि मास्क सोबत का, आणि गॅमो बॅग आहे का. ही फुगवायची हवाबंद पिशवी असते, आत रुग्णाला ठेवून पायपंपाने सुमारे १०० मिमी पारा दाब वाढवतात, म्हणजे जागेवरच १,५०० मीटर किंवा त्याहून जास्त खाली नेल्यासारखं. पण पंप सतत मारत राहावं लागतं, नाहीतर आत कार्बन डायऑक्साइड साठतो. 'आहे' असं उत्तर आलं तर 'रात्रभर पंप कोण मारणार?' हेही विचारा. बाहेर काढल्यावर त्रास परतू शकतो, म्हणून तिचा उपयोग रुग्णाला उतरण्याजोगं करण्यापुरता.

विम्याची पॉलिसीही वाचा. उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरचा उल्लेख दोन्ही शोधा.

निवांत_भटका

८ रात्रींचा तक्ता गटाला पाठवला, राखीव दिवसासकट. एक शेवटचं: १२५ ची गोळी मिळाली नाही, २५० ची आहे. मोडून चालेल?

औषधी_डबा

चालेल, साधी गोळी असेल तर. बहुतेक गोळ्यांवर मधोमध रेघ असते, तिथून मोडा. हळूहळू विरघळणारी कॅप्सूल असेल तर ती फोडायची नाही, तिची मात्रा वेगळी असते, डॉक्टरांना विचारा. अर्धुकं हवाबंद डबीत ठेवा आणि डबीवर नाव-मात्रा लिहा. संध्याकाळचं अर्धुकं ५-६ च्या सुमारास घ्या, झोपताना नको. नाहीतर उणे दहामध्ये रात्रीतून तीनदा तंबूची चेन उघडावी लागेल.